गुत्त्याचा पत्ता आणि बैठकीचा पत्ता

(सांगली येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



'दारूचा प्रश्न आणि आपण' असा विषय आज मला देण्यात आला आहे. सातारा-सांगलीच्या भूमीला हा विषय नवा नाही. महात्मा फुले यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना, १८८० साली, शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी नगरपालिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहिले होते. बेचाळीसच्या लढ्यानंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली याच परिसरात प्रतिसरकार उभे राहिले. त्या काळी आजचा सांगली जिल्हा साताऱ्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. प्रतिसरकारने गावोगावी जी विधायक कामे केली, त्यांत न्यायदान मंडळे होती, कमी खर्चाचे गांधी विवाह होते आणि दारूबंदीही होती. अलीकडच्या काळात गावातल्या स्त्रियांनी मतदान करून 'आडवी बाटली' विजयी करायची आणि दुकान बंद पाडायचे, असा कायदेशीर मार्गही महाराष्ट्रात उपलब्ध झाला. मतदानाला आलेल्यांच्या बहुमतावर तेथे भागत नाही. गावातील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. एवढी कठीण अट असूनही कित्येक गावांतील मायभगिनींनी ती पार केली आहे.

ही सारी परंपरा अभिमानास्पद आहे. मात्र ती प्रामुख्याने एकाच प्रश्नाभोवती फिरते: दारू विकणाऱ्याचे काय करावयाचे? दुसरा प्रश्न तितक्या गांभीर्याने विचारला जात नाही: दारू सोडू पाहणाऱ्याचे काय करावयाचे? दुकान बंद झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ज्याचे हात थरथरू लागतात, त्याने कोठे जावे? ज्याने मनोमन निश्चय केला आहे, पण सातच्या पुढची वेळ कशी काढावी हे ज्याला कळत नाही, त्याने कोणाशेजारी जाऊन बसावे? आज मी या दुसऱ्या प्रश्नापुरते बोलणार आहे. माझे प्रतिपादन थोडक्यात असे: दारू सोडणे हे एकट्या माणसाच्या निश्चयाचे काम मानले जाते, वास्तविक ते संगतीचे काम आहे. ती संगत आपल्याकडे अगदीच नाही असे नाही, पण गरजू माणसाला ती सापडत नाही. ती सापडवून देणे हे आपल्या कार्याचा भाग झाले पाहिजे.

मळी ते महसूल

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. त्यामुळे आधी व्यवहाराचे चार शब्द बोलतो. कृष्णाकाठच्या माणसाला ऊस आणि दारू यांचे नाते समजावून सांगण्याची गरज नाही. उसापासून साखर, साखरेनंतर उरते ती मळी, मळीपासून मद्यार्क. मद्यार्काचा काही भाग औषधांना आणि रसायनांना जातो, आता पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठीही जातो. तथापि देशी दारूच्या बाटलीचे मूळही त्याच मळीत असते. ज्या फडात मजूर राबतो, त्याच फडातले पीक वळसा घेऊन बाटलीतून त्याच्याकडे परत येते आणि त्याची मजुरी घेऊन जाते.

या व्यवहारात सरकार हा सर्वांत मोठा वाटेकरी आहे. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न हे राज्याचे कर्तव्य ठरविले. १९४९ चा मुंबईचा कायदा हा नावाने आजही दारूबंदीचाच कायदा आहे. आणि जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्क वाढविले, तेव्हा त्यातून वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांची वाढीव प्राप्ती अपेक्षित असल्याचे सांगण्यात आले. दारूची किंमत वाढली की तरुण आणि नवशिके पिणारे कमी पितात, हे खरे आहे आणि म्हणून करवाढीला माझा विरोध नाही. परंतु जो दारूच्या पूर्ण आहारी गेला आहे, त्याची मागणी अर्थशास्त्राच्या भाषेत अलवचिक असते. किंमत वाढली म्हणून तो बाटली सोडत नाही. घरातले दूध, मुलीच्या शाळेचा खर्च, म्हातारीचे औषध यांवर काट मारतो. म्हणजे वाढीव महसुलाचा काही भाग हा त्या घरातल्या दुधाचा पैसा असतो. त्यातला किती पैसा त्या घराकडे उपचाराच्या रूपाने परत जातो, हा प्रश्न विधिमंडळात दरवर्षी विचारला गेला पाहिजे.

अडतीसातला एक

आता प्रश्नाचा आकार पाहू. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने देशव्यापी पाहणी केली. तिचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. १० ते ७५ या वयोगटातील १४.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे १६ कोटी, दारू पितात असे तीत आढळले. पुरुषांत हे प्रमाण २७.३ टक्के, स्त्रियांत १.६ टक्के. यांतील सुमारे २.९ कोटी लोकांचे पिणे अवलंबित्वाच्या अवस्थेला पोचले आहे. म्हणजे दारू मिळाली नाही तर शरीरच बंड करून उठते. आणि अशा दर ३८ लोकांमागे केवळ एकालाच कोणत्या ना कोणत्या स्वरूपाची मदत मिळाली होती.

उरलेले सदतीस काय करतात? ते काहीच करत नाहीत, असे समजू नका. कोणी ग्रामदैवतासमोर शपथ घेतो. कोणी माळ घालतो. माळेची कुचेष्टा करणाऱ्यांपैकी मी नाही. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दरवर्षी लोणंद-फलटणच्या वाटेने जाते, त्या वाटेवरच्या गावांत माळकरी झाल्यावर दारूला शिवले नाहीत असे कित्येक पुरुष भेटतात. त्याचे कारण नीट पाहिले पाहिजे. माळ घातली की माणसाला भजनी मंडळ मिळते, एकादशी मिळते, संध्याकाळी बसायला दुसरी जागा मिळते आणि 'हा आता घेत नाही' हे साऱ्या गावाला सांगणारी खूण गळ्यात येते. बळ तुळशीच्या मण्यात असो वा नसो, ते संगतीत आणि नियमितपणात निश्चितच आहे. ज्याला भजनी मंडळ लाभत नाही, त्याची माळ बहुधा खुंटीवर जाते.

कोणी मात्र जाहिरातीतल्या पुडीच्या नादी लागतो. 'रुग्णाच्या नकळत चहातून द्या' अशी ही औषधे विकली जातात. त्यांत काय असते हे घेणाऱ्याला माहीत नसते. दारू पिताच उलट्या, धडधड, रक्तदाब उतरणे अशी प्रतिक्रिया घडवून आणणारे डायसल्फिराम नावाचे खरे औषध आहे. पण ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. न सांगता दिले आणि वर त्याने दारू घेतली, तर जिवावर बेतू शकते. दारू सुटावी म्हणून कपाळाचे कुंकू पणाला लावणारी ही पुडी कोणीही कोणाला देऊ नये, एवढे तरी आपण घरोघरी सांगितले पाहिजे.

ॲक्रनपासून साताऱ्यापर्यंत

ज्या संगतीविषयी मी बोलतो आहे, तिचा आधुनिक इतिहास मनोरंजक आहे. अमेरिकेत १९२० पासून देशभर दारूबंदी होती. १९३३ मध्ये ती उठली. मंदीचे दिवस होते. १९३५ मध्ये ओहायो राज्यातील ॲक्रन या रबर कारखान्यांच्या गावी बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि बॉब स्मिथ हे शल्यचिकित्सक असे दोन मद्यासक्त भेटले. आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाशी मोकळेपणाने बोलत राहिले तर आजचा दिवस दारूविना जातो, असा त्यांना अनुभव आला. त्यातून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस', म्हणजे अनामिक मद्यासक्तांची संघटना जन्माला आली. आपल्याकडे तिला नुसते 'ए. ए.' म्हणतात. भारतात तिचे काम १९५७ पासून आहे. कुटुंबीयांसाठी 'अल-ॲनॉन' हा स्वतंत्र परिवार आहे.

महाराष्ट्रात २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झाले. डॉ. अनिता (सुनंदा) अवचट आणि अनिल अवचट यांचे कष्ट, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंचा आर्थिक हात असा तो योग होता. गर्दच्या व्यसनासाठी निघालेल्या या केंद्रात पुढे दारूचे रुग्ण मोठ्या संख्येने येऊ लागले. उपचार संपवून घरी गेलेल्या माणसाला पाठपुराव्याच्या बैठका हव्यात आणि त्याच्या पत्नीलाही तिचा स्वतःचा गट हवा, हा विचार मुक्तांगणने मराठी समाजात रुजविला. साताऱ्यात 'परिवर्तन' या संस्थेचे व्यसनमुक्ती केंद्र आहे. त्यामागे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची प्रेरणा होती. मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला हा डॉक्टर देशाला अंधश्रद्धा निर्मूलनासाठी माहीत आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. परंतु भोंदू बाबाच्या तावडीतून माणूस सोडविणे आणि बाटलीच्या तावडीतून सोडविणे ही त्यांच्या दृष्टीने एकाच विवेकाची दोन कामे होती. 'परिवर्तन' हे काम आजही करीत आहे.

शोधाचा खर्च

इतके सगळे असूनही माणसाला बैठक का सापडत नाही? अर्थशास्त्रात 'शोधाचा खर्च' अशी एक कल्पना आहे. वस्तू बाजारात असून भागत नाही; ती कोठे, केव्हा, कशी मिळते हे शोधायलाही वेळ, पैसा आणि धीर खर्च होतो. गुत्त्याचा शोध घ्यायला काहीच खर्च येत नाही. परवानाधारक दुकानाला फलक असतो, विनापरवाना दुकान शेंबडे पोरही दाखवते, आणि पहिला पेला उधार मिळतो. ए. ए. च्या बैठकीला मात्र बहुधा मोठा फलक नसतो. शाळेची एखादी खोली, चर्चचे सभागृह, रुग्णालयातील दालन अशा ठिकाणी ती भरते. अनामिकता हे तिचे तत्त्वच असल्यामुळे ती स्वतःचा गाजावाजा करत नाही. हे तत्त्व योग्य आहे. पण त्याची किंमत शोधणाऱ्याला द्यावी लागते.

त्यात खेड्यातल्या माणसाचा खर्च अधिक. जतचा किंवा आटपाडीचा माणूस सांगली-मिरजेला, माण-खटावचा माणूस साताऱ्याला बैठकीसाठी यायचा म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली. बैठक संध्याकाळी असते. ती संपेपर्यंत गावाकडची शेवटची एस. टी. सुटून जाते. मग स्टँडवर रात्र काढायची, आणि स्टँडच्या आजूबाजूला काय उघडे असते ते मी सांगायला नको. पाटण-जावळीचा माथाडी मुंबईत असताना बैठकीला जात होता, तेथे वर्षभर सुटली, आणि गावी परतल्यावर महिनाभरात पुन्हा सुरू झाली, असे घडते ते याच कारणाने. विट्याकडचे गलाई बांधव देशाच्या कानाकोपऱ्यात जातात. त्यांच्यातला दारू सोडलेला माणूस परगावी बैठक शोधील, पण सुट्टीत घरी आल्यावर त्याची बैठक कोणती?

आणखी एक खर्च अब्रूचा. रस्त्यात पडलेल्या माणसाला सारे गाव पाहते, तेव्हा अब्रू जात नाही असे जणू आपण धरून चालतो; पण तोच माणूस बैठकीच्या दारात दिसला तर 'हा दारुडा आहे' असा बोभाटा होईल म्हणून घरचेच त्याला अडवतात. शिक्षक, तलाठी, कारखान्याचा लिपिक यांना ही भीती अधिक वाटते. आणि स्त्रीची तर गोष्टच सोडा. पाहणीतले १.६ टक्के हे प्रमाण लहान दिसते, पण त्या स्त्रियांना सर्वांत कमी मदत मिळते. कारण त्यांनी तोंड उघडायचे कोणासमोर?

तेव्हा शोध कोठून सुरू करावा? एक सोपा क्रम सांगतो. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही निःशुल्क मदतवाहिनी आहे. मानसिक आरोग्यासाठी १४४१६ ही 'टेलि-मानस' सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. जिल्हा शासकीय रुग्णालयातील मनोविकार विभागात चौकशी करावी. साताऱ्यात 'परिवर्तन', पुण्यात मुक्तांगण येथे विचारावे. ए. ए. च्या मदत दूरध्वनीवर बोलणारा माणूस स्वतः दारू सोडलेला असतो. तो जवळची बैठक सांगतो आणि पुष्कळदा पहिल्या दिवशी सोबतही येतो. जागा आणि वेळा बदलत असतात, म्हणून जुन्या छापील यादीवर विसंबू नये; निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. टाळेबंदीपासून मोबाइलवरच्या बैठकाही चालतात. जवळ काहीच नसेल त्याने तेथून आरंभ करावा, पण शक्य होताच माणसांत जाऊन बसावे.

टाळेबंदीचा उल्लेख झालाच आहे, म्हणून एक आठवण करून देतो. मे २०२० मध्ये आपल्या राज्याने घरपोच दारूला परवानगी दिली. त्याच सुमारास दारू सोडलेल्यांच्या बैठकांच्या खोल्यांना कुलपे होती. बाटली दारापर्यंत पोचवण्याची यंत्रणा सरकार काही आठवड्यांत उभी करू शकते, हे त्या वेळी सिद्ध झाले. मग मदत दारापर्यंत पोचवणे अशक्य आहे, हे कोणी आपल्याला सांगू नये.

आधी डॉक्टर

एक इशारा येथेच देणे अवश्य आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एका झटक्यात, घरच्या घरी दारू बंद करणे धोक्याचे असते. शेवटच्या पेल्यानंतर काही तासांतच हातापायांना कंप सुटतो, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. त्यानंतर भ्रम होऊन नसलेल्या गोष्टी दिसू लागतात. वेळीच उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो. डॉक्टर काही दिवस योग्य औषधे आणि ब-१ जीवनसत्त्व देऊन हा काळ सुखरूप पार पाडतात. तेव्हा अशा माणसासाठी रुग्णालय आधी, आणि बैठक लगोलग त्यानंतर. रुग्णालय शरीरातली दारू काढते. संध्याकाळ कशी काढायची हे बैठक शिकवते. पुष्कळ कुटुंबे पहिल्या टप्प्यावर कर्ज काढून पैसा खर्च करतात आणि दुसरा टप्पा, जो जवळजवळ फुकट आहे, तो सोडून देतात.

बैठकीत काय घडते

ए. ए. च्या बैठका दोन प्रकारच्या असतात. बंद बैठक केवळ दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी. खुल्या बैठकीला इतरांनाही बसता येते. अशा एका खुल्या बैठकीला मी श्रोता म्हणून बसलो होतो. तेथे ऐकलेले तेथेच ठेवावे असा नियम आहे, तो मी पाळणार. कोण काय बोलले ते सांगणार नाही, रीत तेवढी सांगतो.

दारात कोणी नाव-गाव विचारून नोंद केली नाही. शुल्क नव्हते. सभासदत्वाची अट एकच: दारू सोडण्याची इच्छा. ती आज सुटलेली असलीच पाहिजे असेही नाही. चहा झाला. सूत्रसंचालकाने संघटनेच्या पुस्तिकेतला एक उतारा वाचला. मग एकेक जण उठून केवळ स्वतःचे पहिले नाव आणि 'मी मद्यासक्त आहे' एवढे सांगून बोलू लागला. बोलणे स्वतःपुरते. कोणी कोणाला मध्ये तोडत नाही, कोणी उपदेश करत नाही, कोणी 'असे कसे केलेस?' असे विचारत नाही. ज्याला बोलायचे नाही, तो नुसते ऐकून उठू शकतो. शेवटी एक डबा फिरतो. ज्याला जे जमेल ते त्यात टाकतो. त्यातून खोलीचे भाडे आणि चहा निघतो. तासा-दीड तासाने सारे संपते. जाताना नवख्याच्या हातात जुना सभासद आपला दूरध्वनी क्रमांक देतो: पिण्याची इच्छा झाली तर पिण्याआधी फोन कर, रात्री कितीही वाजता.

त्या खोलीत बसलेल्या माझ्यासारख्या आयुष्यभर व्याख्याने दिलेल्या माणसाला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. तेथे व्यासपीठ नाही. दहा वर्षे दारूपासून दूर असलेला आणि काल रात्रीच प्यायलेला, दोघेही सारख्याच खुर्चीवर बसतात, आणि कालच्याला दहा वर्षांच्या माणसाची जितकी गरज असते, तितकीच त्यालाही कालच्याची असते. जुन्या सभासदाला आपण कोठून आलो हे त्याच्यात दिसते. समाजवादी चळवळीच्या पुष्कळ सभांत जी समता आपण भाषणातून सांगतो, ती तेथे खुर्च्यांच्या मांडणीत दिसते. चौदा दिवस, तीन महिने, एक वर्ष असे दारूविना गेलेले दिवस तेथे मोजले जातात आणि वाढदिवसासारखे साजरे होतात. घसरून परत आलेल्याला हाकलत नाहीत. त्याची मोजणी पहिल्या दिवसापासून सुरू होते, इतकेच.

पहिल्याच दिवशी सारे पटते असे नाही. 'हे माझ्यापेक्षा फार पुढे गेलेले लोक आहेत, माझे तितके वाईट नाही', असे जवळजवळ प्रत्येकाला प्रथम वाटते. म्हणून जुने सभासद सांगतात की एका बैठकीवरून मत बनवू नये. सहा-सात वेळा यावे, जमल्यास दुसरा गटही पाहावा. हा सल्ला व्यवहारी आहे.

याचा उपयोग होतो काय, असे आपण विचाराल, आणि विचारलेच पाहिजे. या विषयावरील २७ अभ्यासांचा, दहा हजारांहून अधिक लोकांचा, एक पद्धतशीर आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ए. ए. कडे नेणारे उपचार घेतलेल्यांपैकी ४२ टक्के एका वर्षानंतर पूर्णपणे दारूमुक्त होते. अन्य मान्यताप्राप्त उपचारांत हे प्रमाण ३५ टक्के होते. शंभरातले बेचाळीस म्हणजे सर्व नव्हेत. परंतु जवळजवळ खर्च नसलेला उपाय महागड्या उपायांच्या बरोबरीने किंवा थोडा अधिक चालतो, ही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला दुर्लक्षिता न येणारी गोष्ट आहे. शेजारच्या गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ३७७ पुरुषांवर झालेला प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. हानिकारक प्रमाणात पिणाऱ्यांना, डॉक्टर नसलेल्या पण थोडे प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी मोजक्या बैठकांत मदत केली. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ३६ टक्क्यांचे पिणे आटोक्यात आले. ज्यांना नेहमीची सेवाच मिळाली त्यांच्यात हे प्रमाण २६ टक्के होते. सामान्य माणूस सामान्य माणसाला या कामी मदत करू शकतो, हा दोहोंचा इत्यर्थ.

देवाचा प्रश्न

आपल्यापैकी काही जण येथे अडखळतात, याची मला कल्पना आहे. ए. ए. च्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा आणि आपल्याहून श्रेष्ठ शक्तीचा उल्लेख येतो. बैठकीत छोटी प्रार्थनाही होते. नास्तिकाने तेथे जावे काय? माझे उत्तर स्पष्ट आहे: जावे. त्या पायऱ्यांतच 'ज्याला जसा उमगेल तसा' अशी मोकळीक ठेवलेली आहे. अनेक जण समोर बसलेल्या गटालाच आपल्याहून मोठी शक्ती मानतात, आणि समाजवाद्याला तर याहून वेगळे काय म्हणायचे असते? ज्याला तरीही खटकेल, त्याच्यासाठी 'परिवर्तन'सारख्या विवेकवादी परंपरेतून आलेल्या केंद्रांचा मार्ग आहे. पण बुडणाऱ्याने दोरी टाकणाऱ्याचे तत्त्वज्ञान आधी तपासावे, असा हट्ट काठावर उभ्या असलेल्यांनी धरू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दारूला आजार म्हटले आणि आजाऱ्याला बैठकीत बसविले, की मद्यसम्राट आणि सरकार यांची सुटका होत नाही काय? एंगल्सने १८४५ मध्येच इंग्लंडमधील कामगारांच्या मद्यपानाचा संबंध त्यांच्या राहणीमानाशी, थकव्याशी आणि निराशेशी जोडून दाखविला होता. तो संबंध आजही तुटलेला नाही. परंतु सामाजिक कारणे दूर होईपर्यंत आजच्या माणसाने थांबावे, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? गिरणीत बोट तुटले तर कारखाना कायद्यासाठीही लढायचे असते आणि जखमही बांधायची असते.

आपण काय करावे

आता कामाचे बोलतो.

पहिले, माहिती. आपल्या तालुक्याला जवळची बैठक कोणती, कोणत्या वारी, किती वाजता, आणि तेथून परतीची शेवटची एस. टी. किती वाजता, एवढ्या चार गोष्टी वाचनालयाच्या, ग्रामपंचायतीच्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फळ्यावर लिहाव्यात. दर तीन महिन्यांनी त्या पुन्हा तपासाव्यात.

दुसरे, सोबत. पहिल्या दिवशी माणसाला दारापर्यंत नेऊन सोडावे. बंद बैठक असेल तर बाहेर थांबावे. त्याच्या पत्नीला तिचा वेगळा गट असतो, हे तिला सांगावे. तो बैठकीला येवो वा न येवो, तिने गेले तरी चालते.

तिसरे, जागा. संघटनेच्या कार्यालयातली, शाळेतली एक खोली आठवड्यातून दोन संध्याकाळी मिळवून द्यावी. ए. ए. बाहेरच्या देणग्या घेत नाही, आपले भाडे आपणच देते. तेव्हा ते भाडे मानाने घ्यावे. आणि मग तेथून निघून जावे. आपला फलक लावू नये, प्रमुख पाहुणे बोलावू नयेत, छायाचित्र काढू नये, दारू सोडलेल्याला जाहीर सभेत उभे करू नये. चळवळीतल्या माणसाला हे सर्वांत कठीण जाईल.

चौथे, नोकरी. साखर कारखाने, नगरपालिका, एस. टी. यांतील कामगार संघटनांनी आपल्या करारात उपचार-रजेची मागणी घालावी. पिऊन कामावर आला म्हणून त्याला आधी निलंबित करायचे आणि मग तो अधिक पितो म्हणून बडतर्फ करायचे, ही रीत थांबली पाहिजे.

पाचवे, सरकार. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारूच्या गैरवापरातून उद्भवणाऱ्या मानसिक अवस्थांचा मानसिक आजारांत समावेश केला आहे आणि सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे. तेव्हा प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात दारू सोडविण्याच्या पहिल्या काही दिवसांसाठी खाटा, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एक प्रशिक्षित समुपदेशक, आणि उत्पादन शुल्काचा ठराविक वाटा या कामासाठी राखून ठेवणे, ही आपली मागणी दान मागितल्यासारखी नसून हक्काची आहे.

मित्रहो, या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला सहकाराचे धडे दिले. सोसायटी, दूध संघ, कारखाना ही मोठ्या भांडवलाची सहकारी कामे आपण उभी केली. बारा खुर्च्या, एक खोली आणि एक चहाची किटली एवढ्याच भांडवलावर चालणारा हा सर्वांत गरीब सहकार आहे. त्याचा नफा ज्या घरात संध्याकाळी भांडण होत नाही त्या घरात दिसतो. पुढचा अभ्यासवर्ग महिन्याने आहे. तोवर आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या तालुक्यासाठी त्या चार गोष्टी, म्हणजे बैठकीची जागा, वार, वेळ आणि शेवटची एस. टी., कागदावर लिहून आणाव्यात. ज्यांच्या तालुक्यात बैठकच नाही, त्यांनी तसे लिहून आणावे. तेथील काम कोठून सुरू करायचे हे आपण त्या दिवशी ठरवू.